काठी यंत्राच्या दारात

२० मे २००७, रविवार. मंचर

बारा डब्या बसल्या एकदाच्या. पायांचे तुकडे पडलेत, गुडघ्यांना बाम चोळून बसले आहे.

बेहडवाडीच्या वरचा डोंगर उन्हात इतका साधा दिसतो की याला कोण भिणार! मी भ्याले. पण मी पाल बघून पलंगावर चढणारी, माझं काय धरायचं. वरच्या अंगाला भेग आहे. बोटभर रुंद, पाऊणशे पावलं लांब. दोन पावसाळ्यांपूर्वी पडली म्हणतात. तिच्या सरळ रेषेत खाली एकतीस घरं.

डबी साबणाच्या डबीएवढी. आत दोन पेन्सिल सेल, एक छोटा रेडिओ, आणि जमीन किती कलली ते अंशांत सांगणारा एक तुकडा. क्र. ९ सगळ्यात वर, भेगेच्या काठावर. नऊचं आठ ऐकते, आठचं सात, असं करत (मधली एखादी गप्प झाली तर तिच्या शेजारची पुढे नेते) निरोप ओढ्यापलीकडे शाळेतल्या कॉम्प्युटरवर येतो. आज नऊचा कल ४.२ अंश. हा आकडा पाठ करून ठेवला.

पुण्याचे सर (प्रकल्प त्यांचा, डोंगर चढणं माझं) बसवायला आले होते, भेगेपर्यंत आले नाहीत. खाली आंब्याखाली बसून फोटो काढले.

शरद रात्री जेवताना म्हणाला, "कॉलेजात पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतेस तेवढं पुरे होतं की." पुरे होतं. कबूल.

२७ मे, रविवार. निरगुडसर

माहेरी. अधिक महिना, आईने जावयाला धोंड्यांचं जेवण घातलं. शरद खुशीत, सात धोंडे खाऊन ओसरीवर आडवा.

मी कोपऱ्यात वही घेऊन सेलचा हिशेब करत होते. डबीत रेडिओच सगळं खातो. बोलायला खातो तितकंच नुसतं ऐकत बसायलाही खातो, हे पोरांना सांगितलं तरी पटत नाही. कान उघडे ठेवले तर सेल चार-पाच दिवसांत संपतील. म्हणून डबीला झोपवायचं. मधूनच जागं करायचं, शेजारणी त्याच वेळी जाग्या असल्या तर बोलणं, की पुन्हा झोप.

पावसात तो चढ चढून सेल बदलायला कोण जाणार? मी जाणार. म्हणून ठरवलं: दर दहा मिनिटांनी फक्त दोन सेकंद जाग. सगळ्यांना तेच. सेल वर्षभर पुरतील, मला वर जावं लागणार नाही.

आई म्हणाली, "सणावाराचं काय लिहिती?" म्हटलं, कुणाला किती झोपवायचं ते.

९ जून, शनिवार. मंचर

वाडीवर जाऊन आले. नवी सेटिंग बसवली. हे पाऊस यायच्या आतलं शेवटचं जाणं (असं मनाशी म्हटलं). बारा डब्या झोपतात, दहा मिनिटांनी एकदम उठतात, एकमेकींना हाक देतात, पुन्हा झोपतात. घड्याळ थोडं मागेपुढे झालं तर त्या बोलण्यातच दुरुस्त करून घेतात. गुरुजी खूश. वाडीच्या शाळेचे एकुलते एक मास्तर, तिथेच राहतात, स्वैपाकही हाताने. रोज संध्याकाळी सहाला शाळेतल्या फोनवरून मला सांगणार, आज किती डब्या बोलल्या ते.

वाडीतल्या चिमाबाईंकडे जेवले. नाचणीची भाकरी, अंबाडीची भाजी. साठीच्या पुढच्या असतील, चढाला माझ्यापुढे दहा पावलं. लेक डोंगरापलीकडे दिलेली. विचारलं, भेट कधी होते? म्हणाल्या, "बाजारात. मी दर आठवड्याच्या बाजारला जाती. तिला सासरची मानसं बाजारला न्हाई धाडीत, पर एकादशीला देवाला धाडत्यात. कवातरी एकादशी बाजारच्याच दिशी पडती. मंग गाठ पडती. निरोप लागत न्हाई का काय न्हाई."

मी म्हटलं, दोघींनी आठवड्याला यायचं ठरवलं तर? हसल्या. "मी शुक्रवारी नि ती मंगळवारी आली तर जल्मात गाठ न्हाई पडायची, बाई."

आणखी एक. वाडीत पावसाळ्याची पाळी असते. एक काठी आहे, घुंगुर बांधलेली, घरोघर फिरते. ज्याच्या दारात काठी त्याने उजाडताच डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावर जायचं आणि पाणी बघायचं. चिमाबाई म्हणाल्या, "गढूळ झालं तर भ्यायचं. पाऊस असून आटलं तर पळायचं." बघून झालं की काठी पुढच्या दारात. सासूच्या सासूपासून चालत आलंय म्हणे.

निघताना शाळेत पाहिलं तर काठी कॉम्प्युटरच्या टेबलाला टेकवून ठेवलेली. घुंगुर, हळदकुंकू सगळं. चिमाबाई म्हणाल्या, "औंदा पाळी यंत्राची. त्ये झोपत न्हाई आमच्यावानी."

मला इतकं गोड वाटलं. फोटो काढला. पुण्याच्या सरांना पाठवायचा आहे.

१८ जून, सोमवार

कॉलेज सुरू. पश्चिमेला पाऊस धरलाय, इथे नुसतं आभाळ. सहाला गुरुजींचा फोन. "मॅडम, बारा." रोज बारा. रोज बारा ऐकलं की भूक लागते.

२३ जून, शनिवार

"मॅडम, अकरा."

कोण नाही विचारलं. सहा नंबर. म्हटलं पानं ओली झाली असतील, ओल्या पानातून आवाज नीट जात नाही, येईल उद्या.

२६ जून, मंगळवार

आठ.

सहा आली नाहीच, आणखी तीन गेल्या. गुरुजी म्हणतात, पाऊस असा की शाळेचे पत्रे बोलू देत नाहीत. नऊ आहे का विचारलं. आहे. ४.२. बरं.

शरदला सांगितलं. "सेल गेले असतील." सेल जाऊ नयेत म्हणून तर सगळं केलं.

२८ जून, गुरुवार

चार. नऊ नाही.

दिवसभर वर्गात काय शिकवलं आठवत नाही. फळ्यावर आकृती उलटी काढली, पोरांनी तशीच उतरवून घेतली.

पुण्याच्या सरांना फोन. ते म्हणाले, "नेटवर्क तुटतं मॅडम, नॉर्मल आहे. पाऊस थांबला की बघू. रिपोर्टमध्ये छान येईल हे." छान येईल! मी विचारलं, वाडीला काय सांगू? "सांगू नका काही. उगाच घबराट."

सर घबराट पुण्यात बसून टाळतात. माझी इथे पाचावर धारण बसली आहे.

नऊ गप्प, याचे अर्थ दोनच. एक: डबी आहे, झोपते, उठते, हाक मारते, पण त्या दोन सेकंदांत शेजारीण जागी नसते. दोन: ज्या जमिनीत ती रोवली ती जमीनच तिथे नाही. शाळेतल्या पडद्यावर दोन्ही अगदी सारखंच दिसतं. रिकामा चौकोन.

२९ जून, शुक्रवार

"मॅडम, एकच. शाळेजवळची."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, चिमाबाई झऱ्यावर जातात का हल्ली? गुरुजी म्हणाले, "नाही हो. काठी इथंच आहे ना. कॉम्प्युटर चालू आहे, हिरवा दिवा लागतोय, लोक येऊन बघून जातात. भाताच्या आवणीची घाई आहे सगळ्यांना."

हिरवा दिवा इन्व्हर्टरचा आहे.

हे मी फोनवर सांगायला हवं होतं. "गुरुजी, काठी घरोघर फिरवा, यंत्र आंधळं झालंय." एवढंच वाक्य. तोंडापर्यंत आलं. म्हटलं, "बरं, उद्या बोलू." का? लाज वाटली म्हणून. एकतीस घरं आणि मला लाज वाटली.

३० जून, शनिवार

सकाळपासून गुरुजींचा फोन लागत नाही. वायर तुटली की फोनच बिघडला की आणखी काही. तेवीस वेळा लावला.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये वेळापत्रकासमोर उभी होते. भूगोलाच्या बाई आणि मी. त्यांचे तास आणि माझे तास तीन वर्षं असे लागलेत की आम्ही दोघी कधी एका वेळी रिकाम्या नसतो. दर आठवड्याला तेच वेळापत्रक, दर आठवड्याला तीच चुकामूक. तीन वर्षांत एक चहा झालेला नाही.

आणि चिमाबाई आठवल्या. शुक्रवारी नि मंगळवारी. जल्मात गाठ न्हाई पडायची.

खुर्चीत बसले. हीच माझी चूक. सगळ्या डब्यांना दहा मिनिटं दिली. बोलत होत्या तोवर घड्याळं जुळत होती. पावसाने दोन-चार वेळा बोलणं हुकलं, घड्याळं थोडी सरकली, आणि आता एक शुक्रवारी उठते, एक मंगळवारी. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. प्रत्येकीला वाटतं शेजार ओस पडला.

आणि लेकीने एकादशी धरली म्हणून गाठ पडते. अंतर वेगळं म्हणून. (पंधरा दिवस म्हणून बरं. नेमके चौदा असते तर सात दुणे चौदा, पुन्हा जल्माची चुकामूक.) अंतरं अशी हवीत की एक दुसऱ्याच्या पाढ्यात येऊ नये. मग कुणी कधीही उठो, कधी ना कधी गाठ ठरलेलीच, आणि जास्तीत जास्त किती वेळात तेही सांगता येतं.

संध्याकाळपर्यंत नवीन सेटिंग लिहून काढली. वेळेचे दहा-दहा सेकंदांचे घास केले. एक डबी दर एकोणतिसाव्या घासाला जागी, एक एकतिसाव्या, एक सदतिसाव्या. कुणाचंच कुणाच्या पाढ्यात नाही. आठ नंबरला एकोणसाठ. सेल जरा जास्त खाईल. खाऊ दे. तरी दिवाळी सहज ओलांडेल. मे महिन्यात हे केलं असतं तरी ओलांडली असती. मी भीतीपोटी कंजुषी केली.

पण हे डबीपाशी जाऊन, वायर लावून बसवायला लागतं. म्हणजे वर.

शरदला म्हटलं, उद्या मला घोडेगावपर्यंत तरी सोड. तो माझ्याकडे बघत राहिला. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच," म्हणाला. मग गाडीची किल्ली दारामागे लावून ठेवली, विसरायला नको म्हणून.

१ जुलै, रविवार. बेहडवाडी

पोचले. डोंगर आहे.

शरदने शेवटच्या फाट्यापर्यंत आणलं, पुढे चालत. धुकं असं की वरचा डोंगर दिसतच नाही, नुसता आवाज, पाणी कुठून कुठून उतरल्याचा. फोनची वायर फांदी पडून तुटलेली, एवढंच होतं. आवणी चालू, सगळी वाडी चिखलात वाकलेली. मला बघून हात केले.

दुपारी शाळेत सगळ्यांना बोलावलं. गुरुजींना वाटलं मी काही माहिती देणार. मी टेबलाशी टेकलेली काठी उचलली आणि म्हटलं, यंत्र झोपलंय. मी झोपवलंय. दहा दिवस होत आले, एकेक करून गप्प झालंय. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही.

पाऊस तेवढा पत्र्यावर. मग मागून एक बाप्या म्हणाला, "म्हंजी आमी कुणाच्या भरवशावर झोपत व्हतो?"

रडू आलं ते आवरलं नाही.

मी म्हटलं, सगळे शाळेत या राहायला. तर म्हणे रोपं उपटून ठेवलीत, दोन दिसांत लावली न्हाईत तर वाया जातील. गुरं कुठं न्यायची. "चार दिस बसवशील नि मंग म्हनशील काय न्हाई झालं." हेही खरंच. मला काहीच माहीत नाही. डोंगर पडेल असं मी म्हणू शकत नाही, पडणार नाही असंही नाही.

चिमाबाई उठल्या, माझ्या हातातून काठी घेतली. "भेग बगायला उद्या मी येती संगं. नि काठी आजपासून फिरंल. पयली पाळी माझ्या दाराची." मग माझ्याकडे बघून, "नि तू माझ्या घरात झोपायचं, बाई. शाळंत न्हाई."

शिक्षा होती की माया, कळलं नाही. त्यांचं घर डोंगराला सगळ्यात लागून. इथे बसून हे लिहिते आहे. मागच्या भिंतीला ओल आली आहे. मी तिच्याकडे पाठ करून बसूच शकत नाही.

२ जुलै, सोमवार. बेहडवाडी

सकाळी चिमाबाई झऱ्यावर जाऊन आल्या. नितळ. धार बरी आहे.

आठ वाजता निघालो. त्या इरलं पांघरून अनवाणी, मी रेनकोट, लॅपटॉप प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत. जमीन ओल्या पोत्यासारखी, पाय ठेवला की पाणी वर येतं. दर डबीपाशी बसायचं, चिमाबाई इरलं माझ्यावर धरणार, मी वायर लावणार. सगळ्या डब्या जिवंत निघाल्या! सेल जवळजवळ भरलेले. बिचाऱ्या दहा-दहा मिनिटांनी उठून हाका मारत होत्या आणि ऐकायला कुणी नाही. मला गलबलून आलं. डबीसाठी रडणारी मी पहिलीच असेन.

आठ नंबर झाली. वर नऊ. साठ-सत्तर पावलं. चिमाबाई थांबल्या. पायाने गवत दाबलं, हातातल्या दांड्याने टोचलं. म्हणाल्या, "फुडं न्हाई."

"का?"

"ही वाट अशी नव्हती."

मला तर वाट दिसतच नव्हती. धुक्यात पुढे एक काळी रेघ होती, भेग असेल किंवा ओली सावली. मी म्हटलं दहा मिनिटांचं काम आहे. त्यांनी मनगट धरलं. काय पकड आहे बाईची. "तुला समजत न्हाई त्यात पाय घालू नको. मी तुझ्या डबीत घालती का?"

उतरलो. मला आतून बरंच वाटलं, तेही लिहून ठेवते.

खाली येताना डोकं चालायला लागलं. नऊला हात लावता आला नाही, ती आपली दहा मिनिटांवरच. दहा मिनिटं म्हणजे माझे साठ घास. आणि आठला मी एकोणसाठ दिलेत. साठ आणि एकोणसाठ! कुणाचंच कुणाच्या पाढ्यात नाही. एकीने आपला वार सोडला नाही तरी दुसरीने सोडला की गाठ पडते. साठ गुणिले एकोणसाठ घास. म्हणजे दहा तासांच्या आत आठला नऊ ऐकू आलीच पाहिजे. जागेवर असेल तर.

दुपारी दोन वाजता शेवटची डबी लावली. रात्री बारापर्यंत.

गुरुजी पडद्यासमोर बसून आहेत. साडेचारला दोन डब्या. सहाला पाच. एकेकीची गाठ पडते तसं गुरुजी ओरडतात, जसा काही मुलगा पास झाला.

३ जुलै, मंगळवार. बेहडवाडी

सकाळी उठल्या उठल्या शाळेत. गुरुजींचे डोळे लाल. "अकरा, मॅडम."

नऊ नाही.

दहा तास झाले, वर सहा झाले. पाऊस जोरात असला तर गाठ पडूनही ऐकू न येणं शक्य आहे. दोघी एकमेकींसमोर येऊन वाऱ्यामुळे ऐकू नाही आलं असं. मग पुढची गाठ आणखी दहा तासांच्या आत. म्हणजे सकाळी दहाच्या आत एक, रात्री आठच्या आत आणखी एक. मी हे सगळ्यांना सांगितलं, समजेल असं. लोकांना बाजार आणि एकादशी लगेच समजली. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना समजायला एक सत्र लागलं असतं.

बाप्यांपैकी एकाने विचारलं, "नि रात्री पन न्हाई बोलला तर?"

"मग मी म्हणेन घरं सोडा."

म्हटलं खरं. कशाच्या जोरावर म्हटलं?

काठी काल चिमाबाईंच्या दारात, आज पुढच्या. पाणी आज पण नितळ. पण आज ज्यांची पाळी होती त्या वहिनी म्हणाल्या धार "जरा बारीक" वाटली. चिमाबाई म्हणाल्या, "वाटली म्हंजी काय? हंडा भरोस्तर किती मोजलं?" मोजलं नव्हतं. चिमाबाई भडकल्या. म्हणजे मोजायची रीत आहे! माझ्या डोक्यात तरी आतापर्यंत नुसतं बघणं होतं. एरवी साठ मोजेपर्यंत एक हंडा भरतो. सत्तर झाले तर दुसऱ्याला बोलवायचं. शंभर झाले तर शाळेची घंटा.

संध्याकाळी काठी पुन्हा चिमाबाईंच्या दारात आली. नियमाने ती दुसऱ्या घरी जायला हवी होती, पण त्या घरचे म्हणाले, बाईंची पाळी होऊ द्या. बाई म्हणजे मी. चिमाबाईंच्या घरात झोपते, त्यांचं खाते, म्हणजे त्या घराची दुसरी पाळी माझी. कुणी रागाने म्हणालं नाही. पण म्हणाले.

शरदशी बोलता आलं नाही. वायर अजून तुटलेलीच.

रात्री दहा. नऊ गप्प. गुरुजी येऊन सांगून गेले. मी म्हटलं होतं घरं सोडा म्हणेन. चिमाबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "ह्या पावसात वढा पार कराया लेकरं-म्हातारी अंधारात घालती का? उजाडू दे. उजाडलं की पाणी बगू." ओढा खरंच फुगलाय. त्यांचं बरोबर आहे. डोळा लागणार नाही, भिंत ऐकत पडणार.

४ जुलै, बुधवार. बेहडवाडी, शाळा

सकाळचे पावणेदहा. व्हरांड्यात वही मांडीवर घेऊन लिहिते आहे, अक्षर मला तरी पुढे लागेल का.

साडेपाचला काठी घेऊन झऱ्यावर गेले. घुंगुर वाजू नयेत म्हणून मुठीत धरले, का कोण जाणे. पाऊस होता. पाणी नितळ. अगदी नितळ, हे आधी लिहिते. हंडा लावला आणि मोजायला लागले. एक, दोन. धार बारीक होती का? मी ही धार पूर्वी कधी नीट बघितलेलीच नाही. मे महिन्यात हात धुतले होते एवढंच. साठ झाले, हंडा गळ्यापर्यंत नाही. ऐंशी. शंभर. एकशेअठराला भरला.

मग आठवलं की मी भ्यालेली असले की सगळं भरभर करते. भरभर बोलते, भरभर जेवते. भरभर मोजलं असेल. हंडा ओतला, पुन्हा लावला. मुद्दाम सावकाश मोजायला गेले तर मधेच सत्तर म्हटलं का ऐंशी तेच कळेना. ब्याण्णव. किंवा एकशेदोन. चिमाबाई साठ कशा मोजतात ते मी विचारलंच नव्हतं. माझ्याकडे मनगटावर घड्याळ होतं, पण त्यांचे साठ म्हणजे किती सेकंद हे कुणाला माहीत? आयुष्यभर सेकंदाचे हजार भाग करणारी मी, आणि त्या झऱ्यावर मला एक हंडा मोजता येईना.

वर धुकं. आत डोंगर. आवाज नव्हता काही. ते आवाज नसणंच आवडलं नाही.

आणि मला २९ तारीख आठवली. तोंडापर्यंत आलेलं वाक्य आणि "बरं, उद्या बोलू."

पळत सुटले. ओढ्याच्या साकवावर एकदा पडले, गुडघा फुटलाय. घंटा वाजवली. किती वेळ वाजवली कळत नाही, गुरुजींनी येऊन हात धरला तेव्हा थांबले.

सगळे आले. एकतीस घरं, म्हाताऱ्या पाठीवर, पोरं कडेवर, गुरं ओरडत. चिमाबाई सगळ्यांच्या शेवटी, दोन शेळ्या आणि कोंबड्यांची टोपली घेऊन. सरळ माझ्याकडे आल्या. "किती?"

म्हटलं, एकशेअठरा. नाहीतर ब्याण्णव. मला नीट मोजता आलं नाही, चिमाबाई. मी भ्याले होते.

त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं, पदराचं टोक फाडून बांधलं. म्हणाल्या, "भ्यायलाच धाडत्यात झऱ्यावर. न भिनारं मानूस काय कामाचं तिथं."

ते साडेसहाला. आता तीन तास झाले. काही झालेलं नाही. डोंगर जागच्या जागी, म्हणजे त्याचा जेवढा भाग दिसतो तेवढा. दोघं बाप्ये कुरकुरतात, रोपं वाया चालली. एक मघाशी साकवापर्यंत गेला होता, बायकोने ओरडून परत आणला. सगळे माझ्याकडे बघतात. मी वहीकडे बघते.

मला दहावीपासून ही सवय आहे. निकाल बघायच्या आधी बसून लिहायचं. लिहून होईपर्यंत तरी काही बदलत नाही.

आत्ता, हे लिहायला घेतलं त्याच्या जरा आधी, आतून गुरुजी ओरडले. "मॅडम, नऊ बोलला! आकडा आलाय!"

आकडा काय ते ओरडले नाहीत. मी विचारलं नाही. मागच्या वेळचा ४.२ माझ्या ओठांवर आहे. ४.२ असेल तर बहुतेक सगळ्यांना घरी पाठवायचं, रोपं लावायची, मी आयुष्यभर घंटा वाजवणारी बाई म्हणून चेष्टा झेलायची. खुशाल झेलीन. दुसरा कुठला असेल तर

चिमाबाई दारात आल्या आहेत. हातात काठी. "बाई, लिव्हतीस काय? आत जाऊन बग त्यो काय म्हनतोय. घरी जायाचं का न्हाई ते सांग ह्या लोकास्नी."

म्हटलं, जाते, एवढी ओळ पुरी करते.